हिंदुस्थानी अंगरख्यातील इंग्रजी वाडा

इंग्लंडातील ग्लॉस्टरशर परगण्यात कॉट्सवोल्ड या नावाने ओळखला जाणारा उंचसखल टेकड्यांचा मुलूख आहे. तेथील चुनखडीचा दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा लागला म्हणजे कठीण होतो, आणि त्याचा रंग मधासारखा पिवळसर असतो. शेतांचे गडगे, खेड्यांतील घरे, चर्चे आणि जमीनदारांचे वाडे, सारे याच एका दगडाचे. त्यामुळे तेथील इमारती त्या जमिनीतूनच उगवल्या असाव्यात असा भास होतो. या मुलखात मोर्टन-इन-मार्श या गावाजवळ सीझिनकोट नावाचा एक वाडा उभा आहे. दगडाचा रंग तोच, ओळखीचा. पण माथ्यावर कांद्याच्या आकाराचा तांब्याचा घुमट, छपराच्या कोपऱ्यांवर छत्र्या, भिंतींतून पुढे आलेल्या दगडी हातांवर तोललेला रुंद छज्जा, आणि खिडक्यांवर मोराच्या पिसाऱ्यासारख्या पसरलेल्या कमानी. मागील ओढ्यावर पूल आहे, त्यावर नंदी आहेत; आणि ओढा जेथे उगम पावतो तेथे सूर्यनारायणाची मूर्ती असलेले एक छोटेसे देऊळ आहे.

इंग्लंडच्या गवताळ टेकडीवर हे सारे आले कोठून? ते कोणी आणिले, कोणत्या द्रव्याने, कोणत्या नमुन्यांवरून? आणि देवळाच्या सावलीत ज्यांच्या कुळांच्या पिढ्या वाढल्या, अशा आमच्या वाचकांनी त्या सूर्यमूर्तीकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? या प्रश्नांची उत्तरे शोधीत गेले म्हणजे एका वाड्याची हकीकत दोन देशांच्या संबंधाची हकीकत होऊन बसते, आणि तिचे काही धागे पुण्यास व घारापुरीस येऊन पोहोचतात. म्हणून ती येथे थोडी विस्ताराने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम या जातीच्या वाड्यांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. इंग्लंडातील बड्या घराण्यांचे खरे बळ लंडन शहरात नसून खेड्यातील जमिनीत असे. लंडनचे घर पार्लमेंटच्या बैठकीपुरते आणि मेजवान्यांच्या दिवसांपुरते. खानदानाचे ठाणे म्हणजे गावाकडील दगडी वाडा. कुळांचा सारा तेथे भरावयाचा, निवडणुकीची मसलत तेथे व्हावयाची, पूर्वजांची चित्रे तेथे टांगावयाची. साहजिकच वाड्याचा दर्शनी भाग म्हणजे मालकाने जगापुढे धरलेली आपली ओळखच होय. अठराव्या शतकात ही ओळख रोमन व ग्रीक वेषात सांगण्याची चाल होती. समोरासमोर तोललेल्या खिडक्यांच्या रांगा, मध्यभागी उंच खांब आणि त्यांवर त्रिकोणी माथा, म्हणजे प्राचीन रोमच्या देवळाचे तोंडच जणू घराला लावलेले. बागेत तर खुशाल देवळेच बांधीत. विल्टशरमधील स्टाउरहेडच्या सुप्रसिद्ध बागेत तळ्याकाठी अपोलोचे देऊळ आहे, आणि अपोलो म्हणजे ग्रीकांच्या समजुतीप्रमाणे सूर्याशी एकरूप झालेला देव. तेथे पूजा कोणी करीत नसे. रविवारी चर्चमध्ये जाणारा जमीनदार सोमवारी पाहुण्यांना घेऊन अपोलोच्या देवळापर्यंत फेरफटका करी, इतकेच. ही चाल ध्यानात घेतली म्हणजे सीझिनकोटचे सूर्यमंदिर अगदीच आकाशातून पडले नाही, हे कळून येते.

आता मालकाकडे वळू. सीझिनकोटची जमीन १७९५ साली कर्नल जॉन कॉकरेल याने विकत घेतली. तो बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होता. १७९८ साली तो वारला आणि पुढे ती मालमत्ता त्याचा भाऊ चार्ल्स याच्या हाती आली. चार्ल्स कॉकरेल हाही कंपनीचाच माणूस. कलकत्त्यास तो टपालखात्याचा मुख्य अधिकारी होता, आणि पुढे कलकत्ता व लंडन यांमध्ये पैशाची व मालाची उलाढाल करणाऱ्या पेढीतील भागीदार झाला. १८०९ साली त्यास बॅरोनेट हा किताब मिळाला. पार्लमेंटातही तो निवडून गेला. हिंदुस्थानात पैसा मिळवून परतणाऱ्या अशा मंडळींना त्यांचे देशबंधू 'नबॉब' म्हणत. हा शब्द आपल्या 'नबाब' शब्दापासून झालेला, आणि त्यात हेवा व तिरस्कार दोन्ही मिसळलेले असत. नवा पैसा जुन्या समाजात मानाने बसवावयाचा तर जमीन घ्यावी, वाडा बांधावा, हा तेव्हाचा रूढ मार्ग होता. बहुतेक नबॉब आपला पैसा कोठून आला हे झाकण्यासाठी चारचौघांसारखे रोमन खांबांचे वाडे बांधीत. चार्ल्स कॉकरेलने ते झाकले नाही. उलट दर्शनी भिंतीवर कोरून दाखविले. यातच सीझिनकोटचे वेगळेपण आहे.

वाड्याची रचना त्याने आपल्या भावाकडे सोपविली. सॅम्युएल पेपीस कॉकरेल (१७५३–१८२७) हा लंडनमधील नामांकित वास्तुशिल्पज्ञ, आणि कंपनीच्या तेथील इमारतींची देखरेख त्याच्याकडे आलेली होती. त्याने याच मुलखात डेल्सफर्ड नावाचा एक वाडा पूर्वीच बांधिला होता, तो वॉरन हेस्टिंग्ज यासाठी. हे नाव मराठी वाचकांस नवे नाही. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात ज्याच्या अमदानीत १७८० साली ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनी काबीज केला, आणि १७८२ साली महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने ज्याला सालबाईचा तह पदरात घ्यावा लागला, तोच हा गव्हर्नर-जनरल. स्वदेशी परतल्यावर त्याच्यावर पार्लमेंटात खटला चालला. तो १७८८ पासून १७९५ पर्यंत रेंगाळला आणि अखेर तो निर्दोष सुटला. खटल्याच्या त्याच वर्षांत डेल्सफर्डचे काम चालू होते. त्या वाड्यात हिंदुस्थान अगदी चोरपावलांनी शिरला आहे: बागेच्या बाजूस एक छोटासा घुमट, आणि आत टॉमस बँक्स या शिल्पकाराने हिंदुस्थानी आकृत्या कोरलेली संगमरवरी चौकट. सीझिनकोट येथे, १८०५ च्या सुमारास, जे उघडपणे बोलले गेले, ते डेल्सफर्ड येथे आधी कुजबुजले गेले होते.

परंतु सॅम्युएल कॉकरेलने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. मग छज्जा कसा तोलतात, छत्रीला खांब किती, घुमटाची कळी कोठे फुगते व कोठे आवळते, हे त्यास सांगितले कोणी? ते सांगितले टॉमस डॅनियल (१७४९–१८४०) या चित्रकाराने. टॉमस व त्याचा पुतण्या विल्यम हे दोघे १७८६ साली कलकत्त्यास उतरले आणि पुढील सात वर्षे त्यांनी हिंदुस्थान पालथा घातला. गंगेने वर जात ते दिल्ली-आग्र्यास पोहोचले. त्या काळी दिल्लीच्या कारभारावर महादजी शिंद्यांची पकड होती. तेथून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, नंतर दक्षिणेस म्हैसूर-मद्रासकडे, आणि शेवटी १७९३ साली मुंबईस, असा त्यांचा प्रवास झाला. 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' नावाची एक पेटी त्यांच्याजवळ असे. भिंगातून आत येणाऱ्या उजेडाने समोरच्या इमारतीची प्रतिमा कागदावर पडे आणि चित्रकार तिच्या रेषा गिरवून घेई. स्वदेशी गेल्यावर १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी ताम्रपटांवरून छापलेली १४४ रंगीत चित्रे प्रसिद्ध केली. इंग्लंडातील सुशिक्षितांनी हिंदुस्थानातील देवळे, मशिदी, घाट आणि किल्ले पाहिले ते मुख्यत्वे या चित्रांतून.

मराठी माणसाने या प्रकरणी एक गोष्ट विसरता कामा नये. मुंबईस डॅनियल काका-पुतण्यांची गाठ जेम्स वेल्स या स्कॉट चित्रकाराशी पडली, आणि घारापुरीसारखी लेणी त्यांनी त्याच्या संगतीने पाहिली. हा वेल्स म्हणजे सवाई माधवराव पेशवे व नाना फडणवीस यांची चित्रे काढणारा. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या खटपटीने पुण्यात शनवारवाड्यात जी चित्रशाळा निघाली तिचा हा चालक. त्याच सुमारास पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबट या चित्रकाराने मॅलेटसाठी वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. वेल्स १७९५ साली वारला. त्याच्याजवळच्या चित्रांवरून टॉमस डॅनियलने १८०३ साली वेरूळची चित्रमाला प्रसिद्ध केली. वेरूळची ओळख इंग्लंडास करून देण्याच्या या उद्योगात एका पुणेकर तांबटाच्या हातालाही वाटा आहे. तो कागद इंग्लंडास पोहोचला; कागदामागचा माणूस मात्र तेथे फारसा कोणास ठाऊक झाला नाही.

तारखा शेजारी ठेवून पाहाव्या. १८०२ अखेर वसईचा तह झाला आणि पेशवाई कंपनीच्या तैनातीत गेली. १८०३ साली असई, लासवारी येथे लढाया होऊन वर्षअखेरीस शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. १८०५ च्या डिसेंबरात राजघाट येथे होळकरांशी तह होऊन ते युद्ध संपले. त्याच वर्षांत वेरूळची चित्रे लंडनमध्ये छापली गेली, आणि सीझिनकोटच्या टेकडीवर छत्र्या चढू लागल्या. एका हाताने राज्य घेतले जात होते आणि दुसऱ्या हाताने त्या राज्यातील शिल्पाची चित्रे कौतुकाने रंगविली जात होती. दोन्ही हात एकाच माणसाचे नव्हते, पण एकाच समाजाचे होते. आणि ज्या ज्ञानाने चित्रे घडली त्या ज्ञानाला वाट त्या राज्यानेच करून दिली, हे नाकारता येणार नाही.

आता वाडा जवळून पाहू. बाहेरून पाहता तो मोगल धाटणीचा आहे. आमच्या मते या निवडीस वास्तुशास्त्रातले कारण आहे. हिंदू देवालय वाढते ते गर्भगृहाभोवती. खांब आणि तुळई हे त्याचे अवयव, आणि काळोखी गाभाऱ्याकडे नेणे हे त्याचे काम. त्यातून जेवणघर, दिवाणखाना, झोपण्याच्या खोल्या निघत नाहीत. मोगल इमारतीचे दर्शनी तोंड मात्र मध्यरेषेच्या दोहो बाजूंस सारखे तोललेले, मध्यभागी उंच कमान, वर घुमट, असे असते. इंग्रजी वाड्याची मांडणीही नेमकी तशीच तोललेली. म्हणून मोगल वेष त्या अंगाला बेताचा बसला. यातही एक गंमत अशी की, छज्जा आणि छत्री हे अवयव मोगलांनीच हिंदू कारागिरांकडून उचललेले होते. फत्तेपूर-सीक्रीच्या दगडांत ती देवघेव स्पष्ट दिसते. तेव्हा कॉकरेलने जे उसने घेतले ते एकदा उसने घेतलेलेच होते.

वाड्याच्या एका अंगास कमानदार वळण घेत जाणारी काचेची लांब पडवी आहे. नारिंगीसारखी उष्ण देशातील झाडे हिवाळ्यात जगावीत म्हणून इंग्लंडात अशा पडव्या बांधीत. तिच्या टोकास अष्टकोनी मंडप आहे. आपल्याकडील छज्जा उन्हापासून भिंतीचे रक्षण करण्यासाठी असतो. माथ्यावरचा सूर्य तळपत असता भिंतीवर जी दाट सावली पडते तिच्यातच छज्ज्याचे सौंदर्य आहे. सीझिनकोट येथे ऊन कोवळे आणि तिरपे. तेथे छज्जा आहे, पण त्याचे कारण मागे राहिले आहे. आणि ज्या देशात ऊन आत यावे म्हणून धडपड करावयाची तेथे सावलीची सोय भिंतीवर कोरली गेली आहे.

आत पाऊल टाकले की हिंदुस्थान संपतो. जिना, दिवाणखाना, भिंतींवरील नक्षी, छताखालच्या पट्ट्या, सारे त्या काळच्या ग्रीक-रोमन अभिरुचीचे. जिन्याला ओतीव लोखंडाच्या तुळया आहेत. ती त्या वेळच्या इंग्लंडची अगदी ताजी करामत होय. घरात कोणत्या दालनातून कोणत्या दालनात जावे, पाहुण्यांनी कोठे बसावे, चाकरांनी कोठून वावरावे, ही सगळी व्यवस्था इंग्रजी. चौक नाही, ओसरी नाही, माजघर नाही, देवघर तर नाहीच नाही. थोडक्यात, घुमट-छत्र्यांचा हा अंगरखा उतरविला तर खाली चारचौघांसारखा तालेवार इंग्रज गृहस्थ उभा असलेला दिसेल. हे आम्ही दोष म्हणून सांगत नाही. कॉकरेलला राहावयाचे इंग्रजासारखेच होते, आणि घराचा आतला भाग माणसाच्या राहणीप्रमाणे घडतो. बाहेरचा भाग त्याच्या मनोराज्याप्रमाणे घडू शकतो.

बागेत मात्र मोगल मागे पडतो आणि हिंदू देवता पुढे येतात. ही योजना टॉमस डॅनियलची. हम्फ्री रेप्टन (१७५२–१८१८) या प्रसिद्ध उद्यानकाराचाही सल्ला घेतलेला होता. ओढ्याच्या उगमाशी तळे, तळ्याच्या माथ्याशी सूर्याचे देऊळ. तेथून पाणी खाली वाहत पुलाखालून जाते. पुलाचे खांब घारापुरीच्या लेण्यातील खांबांच्या नमुन्यावर घडविले आहेत, आणि कठड्यावर नंदी बसविले आहेत. पुलाखाली पाण्यातून पाय ठेवीत जाण्यासाठी दगड टाकले आहेत आणि बसण्यास जागाही केली आहे, म्हणजे डोक्यावर घारापुरीचे खांब आणि पायाशी झुळझुळता ओढा असा अनुभव घ्यावा. आणखी खाली एका कुंडात झाडाच्या खोडाला विळखा घातलेला तीन फण्यांचा नाग आहे. सूर्याची मूर्ती दगड फोडून घडविलेली नाही. लंडनच्या कोड यांच्या कारखान्यात मातीचे मिश्रण साच्यात घालून व भट्टीत भाजून जो कृत्रिम दगड तयार होई, त्याची ती आहे.

येथे श्रद्धाळू वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहील: ही देवांची विटंबना नव्हे काय? आमचे उत्तर असे की, विटंबना हा शब्द येथे लागू पडत नाही. जिची प्राणप्रतिष्ठा झाली, जिला नैवेद्य दाखविला, जिच्यापुढे नंदादीप जळला, अशी मूर्ती उचलून नेली व बैठकीच्या दालनात मांडली तर ती विटंबना. आणि तसे प्रकार त्या काळात व पुढेही घडले आहेत. सीझिनकोटची मूर्ती कोणाच्या गाभाऱ्यातून उपटून आणलेली नाही. ती साच्यातून निघाली आणि बागेत बसली. तिच्यात देवत्व आवाहिलेच नव्हते, तेव्हा भंगले काय म्हणावे? तेथे कुचेष्टाही दिसत नाही. डॅनियलने आपली देवळे आस्थेने पाहिली होती. पुष्कळ इंग्रज ज्या शिल्पास ओबडधोबड व भेसूर म्हणून हिणवीत, ते सुंदर आहे असे त्याने चित्रांतून आणि या बागेतून आपल्या देशबांधवांस सांगितले. एवढे श्रेय त्यास दिलेच पाहिजे.

मग उणे कोठे आहे? ते आहे पाहण्याच्या मर्यादेत. कॅमेऱ्याच्या पेटीत तेच उतरते ज्यावर उजेड पडतो. शिखर उतरते, खांब उतरतो, नंदीची पाठ उतरते. गाभाऱ्यातला काळोख त्या पेटीत उतरत नाही. काकडआरतीची वेळ उतरत नाही. नंदी तेथे का बसला आहे आणि त्याची दृष्टी कोठे लागली आहे, हे उतरत नाही. म्हणून सीझिनकोटच्या पुलावर नंदी आहेत, पण त्यांच्यासमोर गाभारा नाही. सूर्याचे देऊळ आहे, पण त्याला अर्घ्य देणारी पहाट नाही. रूप उतरले, कारण मागे राहिले; छज्ज्याचे जे झाले तेच देवतांचे झाले. आणि चित्र हाती आले म्हणजे वस्तू कळली, वस्तू कळली म्हणजे तिच्यावर आपला अधिकार झाला, ही समजूत साम्राज्याच्या मनात हळूहळू घर करीत गेली. खरे अनिष्ट त्या समजुतीत होते, मूर्तीत नव्हे.

या वाड्याचे मर्म समजण्यास आमच्या गोमंतकीय वाचकांजवळ एक उत्तम मापदंड आहे, आणि तो म्हणजे त्यांची स्वतःची देवालये. कवळ्याची श्रीशांतादुर्गा किंवा प्रियोळचा श्रीमंगेश यांच्या देवळांकडे परक्या माणसाने दुरून पाहावे. गोल कमानींच्या खिडक्या, भिंतीला चिकटलेले युरोपीय धर्तीचे अर्धस्तंभ, नक्षीदार कठडे, गाभाऱ्यावर शिखराच्या जागी घुमट, आत झुंबरे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात मूळ स्थाने उद्ध्वस्त झाली. केळशीहून शांतादुर्गा आणि कुठ्ठाळीहून मंगेश भक्तांनी रातोरात खाडीपलीकडे नेले. अठराव्या शतकात, शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्यासारख्यांच्या साहाय्याने, नवी देवळे उभी राहिली तेव्हा त्या मुलखातील गवंड्यांच्या हाताला चर्चच्या कमानींची व कठड्यांची सवय झालेली होती. तो वेष देवळांनी घेतला. पण उंबरा ओलांडून आत जावे: तोच काळोखी गाभारा, तीच समई, तोच नित्याचा पूजाक्रम, पुढे तीच दीपमाळ, तेच तळे, तीच सोमवारची वा पंचमीची पालखी.

सीझिनकोट आणि कवळे या दोन टोकांना एकच न्याय लागू पडतो. इंग्रजी वाड्याने बाहेरून हिंदुस्थान पांघरला आणि आत इंग्लंड ठेविले. गोमंतकीय देवळाने बाहेरून युरोप पांघरला आणि आत देव ठेविला. वास्तू कोणाची हे तिचा घुमट सांगत नाही, तिचा गाभारा सांगतो. फरक इतकाच की, एकाने अंगरखा हौसेने चढविला, कारण त्यास कसलेच भय नव्हते. दुसऱ्याने तो चढविला तो सर्वस्व गमावून, देव तेवढा वाचवून आल्यावर. हौसेने घेतलेला वेष डोळ्यांना सुखवितो. संकटात घेतलेला वेष अंगाचे रक्षण करतो, आणि कालांतराने अंगाचाच भाग होतो. आज मंगेशीच्या घुमटाला परका कोण म्हणेल?

सीझिनकोटची पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. हा वेष इंग्लंडातील जमीनदारांत फार पसरला नाही. पण रेप्टनने या वाड्याशी झालेल्या परिचयातून स्फूर्ती घेऊन १८०६ साली ब्रायटन येथील राजवाड्यासाठी युवराजास हिंदुस्थानी धाटणीचे नकाशे सादर केले. ते काम त्याच्या हातून झाले नाही. १८१५ पासून पुढे जॉन नॅश याने तेथे घुमट-मिनारांचे सुप्रसिद्ध रॉयल पॅव्हिलियन उभारले. नॅशनेही हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. सीझिनकोटचा वाडा १९४४ साली क्लाइनवर्ट घराण्याकडे गेला. त्यांनी त्याची डागडुजी केली, आणि १९६०च्या दशकात मोगल धर्तीच्या पाण्याच्या पाटाची नवी बाग तेथे तयार झाली.

ब्रायटनच्या त्या राजवाड्यात मात्र पुढे एक अद्‌भुत गोष्ट घडली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या रणभूमीवर जखमी झालेल्या हिंदुस्थानी शिपायांसाठी १९१४ साली त्या घुमटांखाली इस्पितळ उघडण्यात आले. निरनिराळ्या धर्म-जातींच्या शिपायांसाठी वेगवेगळी स्वयंपाकघरे मांडली गेली. हिंदू व मुसलमान यांच्या पाण्याची वेगळी व्यवस्था झाली. जे घुमट शंभर वर्षे केवळ शोभेसाठी उभे होते त्यांच्याखाली प्रथमच खरी हिंदुस्थानी माणसे निजली, विव्हळली, आणि त्यांतील काही मरण पावली. हिंदू व शीख मृतांना शहराबाहेर पॅचम गावाजवळच्या उघड्या टेकडीवर नेऊन अग्नी दिला जाई आणि रक्षा समुद्रात सोडली जाई. असे त्रेपन्न शिपाई तेथे दहन झाले.

त्या दहनभूमीवर १९२१ सालच्या फेब्रुवारीत एका संगमरवरी स्मारकाचे अनावरण झाले. आठ खांब, वर घुमट. त्याचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुशिल्पज्ञाने केला. इंग्रजीतही त्याला 'छत्री' याच नावाने ओळखतात. इंदुरास कृष्णपुऱ्यातील होळकरांच्या छत्र्या, लष्करात शिंद्यांच्या छत्र्या, पुण्यास वानवडीला महादजींची छत्री, हे पाहिलेल्या वाचकास त्या शब्दाचा अर्थ सांगावयास नको. जेथे देह अग्नीला दिला तेथे वर धरलेली सावली म्हणजे छत्री. सीझिनकोटच्या छपरावरही छत्र्या आहेत, सुबक आहेत, त्यांच्याखाली कोणी नाही. पॅचमच्या छत्रीखाली त्रेपन्न चिता जळल्या आहेत. २०१० साली त्या त्रेपन्न शिपायांची नावे दगडावर कोरून तेथे लावण्यात आली, आणि दर वर्षी जूनमध्ये लोक तेथे जमून त्यांस अभिवादन करतात.

इंग्लंडास जाणे-येणे आता दुर्मिळ राहिलेले नाही. आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले-नातवंडे तेथे नांदत आहेत. त्यांच्याकडे कोणी गेले तर सीझिनकोटचा वाडा व बाग आवर्जून पाहावी. दगडकाम सुरेख आहे, ओढा रम्य आहे, आणि एका परक्या चित्रकाराने आपल्या शिल्पावर केलेले प्रेम तेथे उघड दिसते. त्या सूर्यमूर्तीपुढे हात जोडावेसे वाटले तर जोडावेत. सूर्य तेथलाही तोच आहे. पण प्रवासात एक दिवस राखून ठेवून ब्रायटनजवळच्या त्या टेकडीवरही जावे, आणि छत्रीपाशी क्षणभर उभे राहावे. आपल्या शिल्पाचे जे रूप इंग्लंडने शंभर वर्षे चित्रांवरून गिरविले, त्याचे कारण तेथे, त्या दहनाच्या चौथऱ्यांपाशी, त्याला येऊन मिळाले आहे.